बाकावरचा युरोप आणि घरचं मैदान

भारतातल्या फुटबॉलपटूनं परदेशी जावं, की इथंच खेळून नाव आणि पैसा कमवावा, हा प्रश्न महाराष्ट्रातल्या बहुतेक घरांत कधी उठतच नाही. कोल्हापूरची गोष्ट वेगळी. इथं पेठापेठांत तालमींचे संघ आहेत. शाहू स्टेडियमवर पाटाकडील आणि दिलबहार समोरासमोर आले की भर उन्हात बसायला जागा मिळत नाही. ‘पोरगं फुटबॉल खेळतंय’ हे इथं कुणी रडत सांगत नाही.

अशाच एका घरात सध्या वाद पेटलाय. मुलगा १६ वर्षांचा, डावा बॅक. एका एजन्सीनं स्पेनमधल्या अकादमीचं गुळगुळीत माहितीपत्रक आणून दिलंय. दहा महिने, अठरा लाख रुपये आणि शेवटी ‘क्लबबरोबर कराराची संधी’. मुलाचे वडील दोन गुंठ्यांचा प्लॉट विकायला निघालेत. वाद घालणारे दोघं मात्र वेगळेच. एक मुलाचे आजोबा, स्पोर्ट्स कोट्यातून रेल्वेत लागलेले आणि मुंबईत कूपरेज मैदानावर उमेदीची वर्षं घालवून निवृत्तीनंतर गावी परतलेले. दुसरी त्यांची भाची, म्हणजे मुलाची मावशी. ती कॉलेजात असेपर्यंत खेळत होती, आता एका व्यावसायिक क्लबात सामन्यांचे व्हिडिओ कापून विश्लेषण करायची नोकरी करते. दोघांचंही बोलणं मी ऐकलं. शिळोप्याच्या गप्पा गाळून उरलं ते देतोय. मधेमधे कंसात तोंड घालण्याचा मोह मला आवरला नाही, तेवढं चालवून घ्या.

मामा : मला एकच सांग. आपल्यातला जो जो बाहेर गेला तो परत का आला? पार मोहम्मद सलीमपासून धर. कलकत्त्याच्या मोहम्मडन स्पोर्टिंगचा खेळाडू. १९३६ साली ग्लासगोला जाऊन सेल्टिककडून खेळला, तेही अनवाणी, पायाला पट्ट्या गुंडाळून. लोक खुळे झाले त्याच्यापायी. हा बाबा दोन मॅच खेळला आणि घरची ओढ लागली म्हणून बोटीत बसला. तेव्हापासून तेच चाललंय.

भाची : तेच कुठं? बायचुंग भुतिया इंग्लंडात राहिलाच की.

मामा : कुठल्या क्लबात राहिला तेही सांग.

भाची : बरी. मँचेस्टरजवळचं गाव, तेव्हा तिसऱ्या पायरीवरचा क्लब. १९९९ च्या सप्टेंबरात सही केली, ऑक्टोबरात कार्डिफ सिटीविरुद्ध उतरला. लीगमधला पहिला गोल व्हायला मात्र पुढच्या वर्षीचा एप्रिल उजाडला, चेस्टरफील्डविरुद्ध. लीगच्या एकूण ३७ मॅच आणि तीन गोल.

मामा : तीन गोल! आणि जायच्या आधी काय होता तो? १९९७ ची फेडरेशन कपची सेमीफायनल. सॉल्ट लेकवर सव्वा लाखाच्या वर माणूस. ईस्ट बंगालनं मोहन बागानला ४-१ लोळवलं, त्यात हॅटट्रिक याची. जेसीटीला पहिली राष्ट्रीय लीग जिंकून दिली, तिथंही सगळ्यात जास्त गोल याचेच. वयाची बावीस ते पंचवीस, स्ट्रायकरची सोन्यासारखी वर्षं. ती घालवली कुठं, तर धड बिऱ्हाड नसलेल्या क्लबात. पुढं तो क्लब पैशापायी बुडालाच, २०१९ मध्ये लीगमधून हाकलला. कलकत्त्यात राहिला असता तर याच्या दुप्पट गोल मोजत बसलो असतो आपण.

भाची : मोजले असते, पण कुणाविरुद्ध? परत आल्यावरची नऊ वर्षं बघा ना. २००८ चा एएफसी चॅलेंज कप, दिल्लीतली फायनल, ताजिकिस्तानवर ४-१. सुनील छेत्रीची हॅटट्रिक, एक गोल भुतियाचा. त्या विजयावर भारत २०११ च्या आशिया कपात गेला, १९८४ नंतर पहिल्यांदा. पाठीवर सहा फुटी सेंटर-हाफ घेऊन बॉल धरून ठेवायचा, सोबती येईपर्यंत पडायचं नाही, हे तो बरीतल्या चिखलात शिकला असं मला वाटतं. त्याचा हिशोब गोलांच्या रकान्यात सापडत नाही.

मामा : वाटणं तुझं. रकाना माझा.

(रकाना मामांचाच, हे खरं. पण सव्वा लाखांपुढं हॅटट्रिक केलेला माणूस जेव्हा तिसऱ्या पायरीवर जाऊन महिनोन्महिने एका गोलासाठी झगडतो, तेव्हा त्या दोन पायऱ्यांमधलं अंतर कळतं. आपल्याकडं ते कळायलाही कुणीतरी जाऊन यावंच लागलं.)

मामा : बरं, छेत्रीचं घे. २०१० ला अमेरिकेत कॅन्सस सिटी. अधिकृत सामन्यात मैदान जवळजवळ दिसलंच नाही. २०१२ ला लिस्बनचं स्पोर्टिंग, त्यांची ‘ब’ टीम. तीन मॅच! मग गोव्यात चर्चिल ब्रदर्सकडं आला आणि त्याच मोसमात आय-लीगचा चॅम्पियन झाला. संदेश झिंगन २०२१ ला क्रोएशियाला गेला, शिबेनिककडं. दुखापत झाली, एकही मॅच न खेळता परत. गोव्याचा रोमिओ फर्नांडिस धेंपोकडून पार ब्राझीलला गेला, अथलेटिको पारानाएन्सेला. २०१५ साली उतरला मैदानात, पेपरात फोटो आला, मोसम संपायच्या आत विषय संपला. याला करिअर म्हणायचं की सहल?

भाची : मामा, छेत्रीची खरी गोष्ट त्याच्या आधीची आहे. २००९ मध्ये लंडनच्या क्वीन्स पार्क रेंजर्सनं त्याच्याशी तीन वर्षांचा करार ठरवला होता. तो मोडला इंग्लंडच्या वर्क परमिटनं. देश फिफाच्या क्रमवारीत पहिल्या सत्तरात हवा, असा तेव्हाचा नियम. भारताची आजवरची सर्वांत चांगली जागा ९४ वी, तीही १९९६ मधली. म्हणजे पोरगा कसाही खेळो, दार त्याच्या देशाच्या नंबरावर उघडणार. आणि देशाचा नंबर कधी सुधारणार? अशी पोरं बाहेर जाऊन शिकून आली तर. किल्ली कपाटात आणि कपाटाला कुलूप, अशातली गत.

मामा : मग त्यात आपल्या नातवानं डोकं कशाला घालायचं?

भाची : इंग्लंडमध्ये घालू नये, एवढंच मी म्हणते. जग काय इंग्लंडएवढंच आहे? गुरप्रीत सिंग संधू नॉर्वेला गेला, स्टाबेकला. २०१४ मध्ये. गोलकीपर, त्यामुळं जागा एकच. लीगमधल्या पहिल्या मॅचसाठी २०१६ चा मे महिना बघावा लागला त्याला. मग युरोपा लीगच्या पात्रता फेरीत उभा राहिला, तिथवर पोचलेला पहिला भारतीय. २०१७ ला परत आला तो भारताचा एक नंबरचा गोलकीपर म्हणूनच.

मामा : दीड-पावणेदोन वर्षं बाकावर. एवढा धीर हल्ली कुणाला आहे?

भाची : धीराचं नाही मामा, पैशाचं आहे. जुलै २०१५ मध्ये मुंबईत इंडियन सुपर लीगचा, म्हणजे आयएसएलचा लिलाव झाला. छेत्रीला मुंबई सिटीनं एक कोटी वीस लाखांना घेतलं, युजेनसन लिंगडोहला पुणे सिटीनं एक कोटी पाच लाखांना. आज चांगल्या भारतीय खेळाडूला इथं जे मिळतं, ते नॉर्वेच्या दुसऱ्या डिव्हिजनमध्ये मिळणार नाही. तिथं थंडीत स्वतः रांधून खायचं, भाषा येत नाही, आणि वर पगार कमी. कोण जाईल? घरची भाकरी लोण्यासकट मिळते म्हणून कुणी उंबरा ओलांडत नाही.

मामा : मग त्यात वाईट काय? आमच्या वेळी मॅचनंतर चहा आणि वडापाव मिळायचा. आता पोरांना कोटी मिळतात. मिळू देत की!

भाची : मिळू देत. पण त्या कोटीत गोल करायचं काम मिळत नाही. २०१४ ते २०२५, आयएसएलचे अकरा मोसम झाले, आणि मोसमात सर्वाधिक गोल करणारा एकदाही भारतीय नव्हता. एकदाही नाही! पुढची जागा विदेशी खेळाडूची, आपल्या पोरांनी बाजूला पळायचं नाहीतर मागं उतरायचं. म्हणून तर छेत्री ६ जून २०२४ ला कुवेतविरुद्ध खेळून निवृत्त झाला आणि नऊ महिन्यांत पुन्हा बोलावला गेला. चाळिसाव्या वर्षी शिलाँगला मालदीवविरुद्ध उतरला आणि गोल केला. आपण टाळ्या वाजवल्या. मला त्या दिवशी लाज वाटली. त्याची नाही, आपली.

मामा : लाज कसली? खेळतोय तोवर खेळू दे.

(इथं मी भाचीच्या बाजूचा. छेत्रीचं कौतुक करावं तेवढं थोडंच. २०१८ च्या जूनमध्ये अंधेरीच्या मैदानात चायनीज तैपेईविरुद्ध त्यानं हॅटट्रिक केली तेव्हा प्रेक्षक होते अडीच हजारांच्या आसपास. शिव्या द्या, टीका करा, पण मैदानात या, असं आर्जव त्यानं व्हिडिओतून केलं आणि पुढच्या मॅचची तिकिटं संपली. पण चाळिशीतल्या माणसाला परत बोलवावं लागणं हे त्याचं यश जेवढं आहे, त्याहून मोठं ते आपल्या घडणीचं अपयश आहे.)

मामा : तुझं सगळं मान्य करतो घटकाभर. पण करिअर म्हणजे काय, ते तुम्हा पोरांना कळलेलं नाही. करिअर म्हणजे पहिला करार नव्हे, शेवटचा पगार. माझा गुडघा बघ.

(इथं मामांनी पायजमा खरंच वर केला. गुडघ्याच्या आतल्या बाजूला बोटभर जुना टाका, आणि मांडी दुसऱ्या मांडीपेक्षा उघडच बारीक.)

मामा : हार्वूड लीगची मॅच, भर पावसाळा. कूपरेजवर गोलपाशी घोट्याएवढा चिखल. बॉल थांबला, मी वळलो, बूट चिखलातच रुतून राहिला. कट्ट असा आवाज आला, तो मला आजही ऐकू येतो. तेव्हा कुठला एमआरआय आणि कुठलं दुर्बिणीचं ऑपरेशन! हाडवैद्यानं दोन महिने पट्टी बांधली. नंतर उघडून शिवला, पण मैदान गेलं ते गेलंच. आता ऐक. पुढच्या एक तारखेला पगार आला. त्याच्या पुढच्याही आला. निवृत्तीपर्यंत आला, आता पेन्शन येतेय. तुझ्या लीगवाल्या पोराचा गुडघा गेला तर करार संपल्यावर पुढच्या एक तारखेला काय येतं?

भाची : काही नाही.

मामा : तेच म्हणतो मी.

भाची : पण मामा, ती तुमची व्यवस्था आज आहे कुठं? ऑफिसच्या टीम संपत आल्या. महिंद्रा युनायटेडसारखी टीम, १९६२ पासूनची, २००५-०६ ची राष्ट्रीय लीग जिंकलेली, २०१० ला कंपनीनं बंद केली. पुढच्याच वर्षी जेसीटी. गोव्यात साळगावकर, स्पोर्टिंग आणि पाच वेळा देशाचं विजेतेपद मिळवलेलं धेंपो, तिघंही २०१६ मध्ये आय-लीग सोडून गेले. आणि आपलं पुणं! पुणे एफसी, डीएसके शिवाजियन्स, एफसी पुणे सिटी. तिन्ही क्लब २०१९ पर्यंत गाशा गुंडाळून मोकळे. पुण्यात त्या दहा-बारा वर्षांत किती पोरं भाड्याच्या खोल्यांत राहून, ‘आता क्लब आहे’ म्हणून शिक्षण सोडून खेळली असतील? घरच्या मैदानाचा भरवसा कसला सांगताय!

मामा : आयएसएल आहे ना.

भाची : आहे? भारतीय फुटबॉल महासंघानं आयोजक कंपनीशी केलेला पंधरा वर्षांचा करार डिसेंबर २०२५ मध्ये संपत होता. नवा होईना, म्हणून जुलैत मोसमच थांबवला. एरवी सप्टेंबरात सुरू होणारी लीग फेब्रुवारी २०२६ पर्यंत लांबली. बंगळुरूसारख्या क्लबानं खेळाडूंचे पगार थांबवल्याचं जाहीर केलं. आमच्याकडं जाहीर काहीच नाही, नुसता सरावाचा व्हॉट्सअॅप ग्रुप गप्प झाला. दोन महिने मी घरी बसून गेल्या मोसमाचे जुने कॉर्नर कापत होते, कुणी मागितले नसताना. आमचा एक मिडफिल्डर कर्जाचा हप्ता भरायला गावातल्या सेव्हन-अ-साइड स्पर्धा खेळायला लागला. पैज लावून घेतलेल्या स्पर्धा, सिमेंटसारखं ग्राउंड. तिथं गुडघा गेला असता तर?

(मामा यावर बराच वेळ काही बोलले नाहीत. त्यांच्या युक्तिवादाचा पाया घरच्या स्थैर्याचा होता, आणि तोच त्यांच्या डोळ्यांदेखत विटा-विटांनी निघालाय हे त्यांना ठाऊक नव्हतं असं नाही. माणूस आपल्या वेळचं बंद झालेलं दुकान मनात उघडंच ठेवतो.)

मामा : मग काय, अठरा लाख भरून स्पेनला पाठवायचा?

भाची : मी असं कधी म्हटलं? जपान कसा गेला बघा. त्यांची जे-लीग १९९३ ला सुरू झाली. मिउरा त्याच्या किती तरी आधी, पोरवयात ब्राझीलला गेला होता. १९९८ ला नाकाता इटलीत पेरुजाला गेला. २०२२ च्या विश्वचषकात जपानच्या २६ जणांपैकी १९ युरोपातल्या क्लबांत खेळणारे. ते काय सगळे बार्सिलोनात गेले? बेल्जियममध्ये सिंट-ट्रुडन नावाचा छोटा क्लब आहे. एका जपानी कंपनीनं तो विकत घेतला आणि दारासारखा वापरला. एंडो, तोमियासू, दोघंही त्या दारातून आत गेले आणि मग मोठ्या क्लबांत पोचले.

मामा : क्लब तर आपल्याही माणसांनी घेतलाय. पुण्याच्या वेंकीजनं ब्लॅकबर्न रोव्हर्स घेतला त्याला पंधरा वर्षं झाली.

भाची : हो, २०१० मध्ये. १९९५ ला प्रीमियर लीग जिंकलेला क्लब. त्यांनी घेतल्यावर दीड वर्षात खालच्या डिव्हिजनमध्ये उतरला. आपला अनिकेत जाधव, कोल्हापूरच्या रिक्षावाल्याचा पोरगा, १७ वर्षांखालचा विश्वचषक खेळलेला, काही काळ तिथं सरावाला जाऊन आला. सराव म्हणजे सराव, खेळणं नव्हे. वर्क परमिटचं काय? जपान्यांनी इंग्लंड घेतलं नाही, बेल्जियम घेतलं. तिथं परदेशी पोरांना उतरवणं कागदोपत्री सोपं, आणि क्लब लहान म्हणून खेळायला मिळतं. आपण नावाकडं बघितलं, त्यांनी दाराकडं बघितलं.

मामा : म्हणजे श्रीमंत देशांचंच काम हे.

भाची : उझबेकिस्तान श्रीमंत आहे? त्यांचा खुसानोव्ह, सेंटर-बॅक. अठराव्या वर्षी कुठं गेला माहितेय? बेलारूसला! मिन्स्कमधला एक क्लब, ज्याचं नाव तिथल्याही निम्म्या लोकांना माहीत नसेल. तिथं तो रोज खेळला. दीडेक वर्षानं फ्रान्सला, लांसकडं. जानेवारी २०२५ मध्ये मँचेस्टर सिटी. त्याचा देश २०२६ च्या विश्वचषकात पोचला. आपल्याकडं एखाद्या बापाला ‘पोराला बेलारूसला पाठव’ म्हणा, तो उठून जाईल. स्पेन म्हटलं की प्लॉट विकेल.

मामा : (हसून) जावयाला ऐकव हे.

भाची : आणि मामा, तुम्ही सगळा हिशोब पोरांचाच मांडलात. मी खेळणं का सोडलं, विचारलंत कधी?

मामा : लग्नाचं बघत होते ना तुझ्या…

भाची : लग्नाचं नंतर. मुलींची राष्ट्रीय लीग तेव्हा काही आठवड्यांत आटपायची. एका-दोन गावांत सगळ्या टीम जमवायच्या, खेळवायच्या, परत पाठवायच्या. उरलेलं वर्ष काय करायचं? घरच्या नि बाहेरच्या मैदानांवर, महिनोन्महिने चालणारी लीग मुलींना पहिल्यांदा २०२३-२४ मध्ये मिळाली. म्हणून आमचा हिशोब उलटा. बाला देवी मणिपूर पोलिसांत होती. पक्की सरकारी नोकरी, तुमच्यासारखीच. २०२० मध्ये ती ग्लासगोच्या रेंजर्सकडं गेली आणि डिसेंबरात मदरवेलविरुद्ध गोल केला. मनीषा कल्याण २०२२ मध्ये सायप्रसला अपोलोनकडं गेली, महिलांच्या चॅम्पियन्स लीगमध्ये उतरली, तिथं खेळणारी पहिली भारतीय. नंतर ग्रीसचं पाओक. तिला इथं सोडून जायला कुठला कोटीचा करार होता? जो मोसम इथं नव्हताच, तो खेळायला ती गेली.

मामा : पोरींनी जावं. माझं काही म्हणणं नाही.

भाची : का? पोरींच्या गुडघ्यांना पेन्शन असते?

(या प्रश्नाला मामांकडं उत्तर नव्हतं, आणि खरं तर त्यांची सगळी बाजू इथंच ढासळली. जिथं घरी काही मिळत नाही तिथं परदेश धोक्याचा वाटत नाही, आणि घरी मिळतं तिथं तोच परदेश मूर्खपणा वाटतो. धोका दोन्हीकडं सारखाच असतो. बदलते ती फक्त सोडून जायची वस्तू.)

मामा : पोराचं बोल. तू त्याच्या मॅचचं शूटिंग केलंस ना? काय दिसलं?

(भाचीनं लॅपटॉप उघडला. मुलगा डाव्या बाजूला, पांढऱ्या रेषेजवळ. सेंटर-बॅककडून त्याच्याकडं पास निघतो. भाचीनं तिथंच चित्र थांबवलं.)

भाची : बघा. बॉल त्याच्याकडं यायला दोन सेकंद आहेत. त्याचे डोळे कुठं आहेत? बॉलवर. खांद्यावरून मागं एकदाही बघितलेलं नाही. आता पुढं नेते. बॉल आला, त्यानं तळव्याखाली थांबवला, मग मान वर केली, मग बघितलं. तोवर समोरचा विंगर अंगावर. पास मागं. अख्ख्या मॅचमध्ये हेच.

मामा : आपलं ग्राउंड कडक आहे गं. बॉल उडतो. आधी थांबवला नाही तर पायातून जातो.

भाची : बरोबर. चूक त्याची नाही, ग्राउंडनं लावलेली सवय आहे. पण अठराव्या वर्षापर्यंत ती मोडली नाही तर पुढं मोडत नाही. डावा पाय मात्र उत्तम. क्रॉस बघा हा, विंगरच्या मागं, गोलकीपरच्या हाताबाहेर. असले क्रॉस आमच्या क्लबातला पगारी डावा बॅक मारत नाही.

मामा : मग? स्पेनमध्ये नाही का मोडणार ती सवय? हिरवळ असेल, कोच असेल.

भाची : सरावात मोडेल. मॅचमध्ये नाही, कारण मॅच मिळणार नाही. फिफाच्या बदल्यांच्या नियमात एकोणिसावं कलम आहे. अठरा वर्षं पुरी व्हायच्या आत खेळाडूची दुसऱ्या देशात नोंदणी होत नाही. अपवाद मोजके. आईवडील फुटबॉल सोडून दुसऱ्या कारणानं त्या देशात राहायला गेले असतील, किंवा सोळा ते अठरा वयाचा मुलगा युरोपीय संघातल्या एका देशातून दुसऱ्यात जात असेल, किंवा घर सीमेला लागून असेल. आपण यातल्या कुठल्याच खणात बसत नाही. याच कलमावरून २०१४ मध्ये बार्सिलोनाला खेळाडू घ्यायला बंदी घातली, २०१६ मध्ये रिअल माद्रिद आणि अॅटलेटिको दोघांना. त्यांना सुटका नाही, तर या एजन्सीला कुठून?

मामा : म्हणजे अठरा लाख भरून पोरगं तिथं…

भाची : सराव करेल, आपसांतल्या मैत्रीच्या मॅच खेळेल, जर्सी घालून फोटो पाठवेल. ‘कराराची संधी’ हे शब्द छापलेत, करार करता येणार नाही हे छापलेलं नाही.

मामा : आणि अठरानंतर?

भाची : अठरानंतर मी त्याला जायलाच सांगेन. स्पेनला नाही. नॉर्वेचं दुसरं डिव्हिजन, बेलारूस, सायप्रस, जिथं आठवड्याला एक मॅच नक्की मिळेल तिथं. पगार कमी असला तरी.

मामा : आणि मी त्याला थांबायला सांगेन. ही दोन वर्षं एकवीस वर्षांखालच्या डेव्हलपमेंट लीगमध्ये एखाद्या क्लबाकडून खेळू दे, बारावी होऊ दे, आणि एक पाय नोकरीत असू दे. पोरगं गेलं तरी परत यायला काहीतरी हवं की नको?

भाची : एक पाय नोकरीत ठेवून दुसऱ्या पायानं लेफ्ट बॅक खेळता येत नाही मामा.

मामा : मी खेळलो.

यापुढं दोघांचं जमलं नाही, आणि मलाही जमवायचं नव्हतं. भाचीचं म्हणणं मला जास्त पटतं, पण मामांचा गुडघा मी पाहिलाय. प्लॉट तूर्त विकायचा थांबलाय, एवढं खरं.

वाचणाऱ्यांत कुणाचा मुलगा किंवा मुलगी अशा माहितीपत्रकासमोर बसली असेल, तर पैसे भरण्याआधी दोन गोष्टी करा. करार मिळवून देतो म्हणणाऱ्या एजंटचं नाव फिफाच्या संकेतस्थळावरच्या परवानाधारक एजंटांच्या यादीत शोधा. ऑक्टोबर २०२३ पासून हे काम करायला परवाना सक्तीचा आहे आणि यादी कुणालाही पाहता येते. दुसरं म्हणजे, मूल अठरा वर्षांच्या आतलं असेल तर त्याची नोंदणी कोणत्या देशाच्या महासंघात आणि एकोणिसाव्या कलमातल्या कोणत्या अपवादाखाली होणार आहे, हे त्यांच्याकडून लेखी घ्या. तोंडी उत्तर चालवून घेऊ नका.